तबकडीत न मावलेला दादा

दादा, तुझी तिरडी मुरुमच्या स्टँडापाशी आली आणि हॉटेलवाल्या गणपानं हॉटेलावरचा भोंगा लावला. तुझीच तबकडी. गावचा एवढा मोठा नकलाकार चाललाय, त्याला त्याच्याच तबकडीनं निरोप द्यावा असं गणपाच्या मनात आलं. पुढं भजनी मंडळी टाळ वाजवत होती, त्यांच्या डोक्यावरनं भोंगा ओरडायला लागला, "यव्वा, म्या कुठं वाजवतेय, रस्ता वाजवतोय की!" आणि लोक हसले. सांगायला नको वाटतं, पण हसले. एका खांदेकऱ्याला आवरेना, त्यानं तोंड दंडात खुपसलं, तशी तिरडी हलायला लागली. मागनं कुणीतरी म्हणालं, बघा, मेल्यावरबी हसवतोय गडी. त्या माणसाला वाटलं, आपण तुझा मान राखला.

आम्हा बायकांना स्टँडाच्या पुढं यायचं नव्हतं. आई माझं मनगट धरून उभी होती. भोंग्यात तू काढलेला तिचा आवाज आणि इथं ती स्वतः मुकी. तिनं तोंडावर पदर घेतला नाही की रडली नाही. नुसतं माझं मनगट असं आवळलं की वळ उठले. मला शिसारी आली, दादा. गणपाची आली, त्या हसणाऱ्यांची आली, आणि खोटं कशाला बोलू, पांढऱ्या कपड्यात गप्प पडलेल्या तुझीसुद्धा आली.

आता आमच्या नळदुर्गच्या शाळेतले हेडमास्तर म्हणतात, बाई, भावावर चार शब्द लिहा, आपण सभेत वाचू. मी लिहायला बसले. 'साऱ्या मुलखाला हसवणारा' एवढं लिहिलं आणि कागद चुरगाळला. सभेत वाचण्याजोगं माझ्याकडं काही नाही. जे आहे ते तुझ्याशीच भांडायचं आहे, आणि तू मधूनच उठून गेलास. तुझी खोडच ती. लहानपणी सारीपाटात हरायला लागलास की म्हशीला पाणी दावायच्या निमित्तानं सटकायचास.

तुला आठवत असेल-नसेल, मला तर आईनं सांगून सांगून पाठ झालंय. सहा वर्षांचा होईपर्यंत तू बोलत नव्हतास. आप्पा मेंढरं घेऊन रानोमाळ, आणि आई तुला काखेत मारून ज्यानं त्यानं सांगितलेल्या वैद्याकडं. लोक म्हणायचे, पोर मुकं हाय, सोडा नाद. आईनं नाद सोडला नाही. तिनं येरमाळ्याच्या येडाईला नवस बोलला, माझ्या पोराला वाचा फुटू दे, तुझ्या देवळात घंटा बांधीन. मग एक दिवस पाणी आणताना तिला दगडाची ठेच लागली आणि ती म्हणाली, "यव्वा गं!" आणि मागनं येणारा तू, जशीच्या तशी, तिच्याच सुरात, तसंच शेवटाला कानडी हेल काढून म्हणालास, "यव्वा गं!" आई घागर टाकून तिथंच बसली. तुझा पहिला शब्द म्हणजे तिची नक्कल. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण पुढचं सगळं इथनंच निघालंय.

घंटा मात्र लई दिवस बांधायची राहिली. आधी रझाकारांची धामधूम, वाटेनं जायची सोय नाही. मग आप्पा गेले. निजामाचं राज्य गेलं, विलीनीकरण झालं, रस्ते मोकळे झाले, तेव्हा आईनं ती नारळाएवढी पितळी घंटा फडक्यात गुंडाळली आणि आपल्या दोघांना घेऊन मोटारीत बसली. तुला मिसरूड फुटायला लागलं होतं. मी तिच्या मांडीशी. आईनं तोवर मोटार लांबनंच पाहिलेली.

त्या मोटारीत कंडक्टरनं दोरी ओढली की डायव्हरच्या डोक्यावर टण्ण वाजायचं. एकदा वाजलं की थांब, दोनदा वाजलं की चल. नळदुर्ग सोडलं आणि पहिल्या खड्ड्याला आईच्या मांडीवरची घंटा बोलली. टण्ण! डायव्हरनं गाडी उभी केली. कंडक्टर विचारतोय, कोण उतरणार? कुणी नाही. पुढच्या खड्ड्याला परत टण्ण, परत गाडी उभी. कंडक्टर खाली उतरून चाक बघायला गेला, तेवढ्यात आई सावरून बसली आणि घंटा दोनदा वाजली, टण्ण टण्ण, आणि गाडी निघाली. कंडक्टर बिचारा धोतर सावरणाऱ्या माणसासारखी पँट धरून मागनं पळतोय. सगळी मोटार हसून लोळली. तो हैदराबादेकडचा, दख्खनी बोलणारा. धापा टाकत आत चढला आणि म्हणाला, "अम्मा, घंटी कायकू बजाते?" आणि आई म्हणाली, म्या कुठं वाजवतेय, रस्ता वाजवतोय की.

मग त्यानं वैतागून विचारलं, "अम्मा, ये इत्ता झंझट किसके वास्ते?" तेव्हा आई काय म्हणाली, ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि ज्यांनी तुला समोर बसून पाहिलं त्यांना माहीत आहे. आई म्हणाली, "माझ्या पोराला वाचा फुटली, बाबा. येडाईला ऐकवाया निघालेय." कंडक्टरनं ती घंटा आईकडनं मागून घेतली आणि तिचा आतला लोळा मुठीत धरून येरमाळ्यापर्यंत उभा राहिला. एका हातानं तिकिटं फाडताना त्याचे कोण हाल. पण मूठ सोडली नाही.

हे सगळं तू नकलेत उचललंस. तू नकला करणाऱ्या वस्तादाच्या फडात गेलास तेव्हा आईनं चार दिवस चूल धड पेटवली नाही. पण वस्ताद माणूस सचोटीचा. त्याच्या फडात एक रीत होती, आणि बाकी कशासाठी नसलं तरी त्या रीतीसाठी मी त्याला मानते. ज्याची नक्कल करायची, त्याच्या दारात आधी विडा ठेवायचा. त्याच्या समोर उभं राहून ती नक्कल आधी त्यालाच दाखवायची. त्यानं विडा उचलून तोंडात घातला तर ती नक्कल खेळाच्या फळीवर चढली. विडा तसाच राहिला तर मुकाट पायतण घालून माघारी यायचं. पाटील असो, तलाठी असो, नाहीतर वेशीत बसणारी आंधळी म्हातारी असो, वस्तादानं कुणाच्या दारातला विडा चुकवला नाही. मुरुमच्या एका सावकारानं विडा उचलला नाही म्हणून फडातली सगळ्यात हसवणारी नक्कल तू आयुष्यभर गिळून बसलास.

आईच्या दारातही तू विडा ठेवलास. आपल्याच घराच्या उंबऱ्यावर. मी चौकटीला टेकून उभी होते. तू डोक्यावरनं पदर घेतलास आणि आई झालास. ते गुडघ्यावर हात ठेवून बसणं, ते 'की' लांबवणं, ते बोलता बोलता नाकातली चमकी चाचपणं. आईला हसू आवरेना. डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसली. आणि तू शेवटाला आलास, कंडक्टरनं विचारलं, आईनं सांगितलं, आणि मग तू पदर डोक्यावरनं खाली घेतलास आणि तुझ्या स्वतःच्या आवाजात म्हणालास, "बरं का मंडळी, ते पोर म्हंजे मी."

आईनं विडा उचलला. पण तोंडात घालायच्या आधी एक अट घातली. तिचे शब्द माझ्या कानात आहेत. "समदं कर. मला येडी कर, खुळी कर. पर मी कुणासाठी निघालेले ते सांगायचं ऱ्हाऊ देऊ नगंस. त्याबिगर मी नुस्ती येडीच." तू व्हय म्हणालास. तिनं विडा खाल्ला.

आणि तू ते पाळलंस, याची साक्ष मी देते. येरमाळ्याच्या जत्रेत, तुळजापुरात, मुरुमच्या बाजारात, जिथं जिथं मी पाहिलं तिथं शेवट झाला. लोक पोट धरून हसता हसता एकदम थांबायचे. बायका नाक ओढायच्या. येरमाळ्याला एक म्हातारा उठून फळीपाशी आला आणि तुझ्या तोंडावरनं हात फिरवून गेला. माझा भाऊ नकल्या आहे हे सांगायची मला कधी लाज वाटली नाही ती त्या शेवटामुळं. माझ्या नोकरीच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी जायचंच नाही म्हणून बसले होते तर तू न बघितलेल्या साहेबाची नक्कल केलीस, चष्मा पुसत पुसत प्रश्न विचारणारा साहेब. दुसऱ्या दिवशी साहेबानं खरंच चष्मा काढून पुसला आणि माझी भीती पळाली. मी आज मास्तरीण आहे त्यात त्या चष्म्याचा वाटा आहे. हे ऋण मी नाकारत नाही.

पण मग ते तबकड्या काढणारे मशीनवाले आले. सोलापुरात तुमचा कनातीचा खेळ लागला होता, तिथं मोटारीतनं उतरले. फळीवर एक माईक आणि खाली लोकांत एक माईक, का तर लोकांचं हसणं पण आलं पाहिजे. तू त्या दिवशी अख्खी नक्कल केलीस, शेवटासकट. ते वस्तादानं मला सांगितलंय, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तबकडी निघाली ती कंडक्टरच्या प्रश्नापाशी संपली. "किसके वास्ते?" आणि मग हास्याचा धबाबा, आणि मग खर्र, खर्र. पुढं काही नाही. आईचं उत्तर नाही. 'ते पोर म्हंजे मी' नाही. कुठलीशी एक येडी कानडी बाई मोटारीत घंटा वाजवतीय, आणि सगळं जग तिला हसतंय. बस्स.

त्या तबकडीविषयी मी जेवढी मतं ऐकली तेवढी कुणी ऐकली नसतील. आमचे हेडमास्तर म्हणाले, हलकी करमणूक आहे, पण घरात सगळे ऐकतात खरं. आमच्या शेजारी राहणारे एक कंडक्टर फुगून बसले, म्हणे आमच्या खात्याची बदनामी. त्यांना आईचं काही नाही, खात्याचं पडलंय. गणपा म्हणायचा, एक बाजू लावली की लोक दुसरा चहा सांगतात. सोलापूरहून बदलून आलेल्या एक बाई म्हणाल्या, काय हो निरीक्षण, अशी बाई आपण बाजारात रोज बघतो! आणि मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता, त्या बाईंनी तुझी नक्कल केली. तुझी म्हणजे आईची. माझ्या आईची नक्कल माझ्याच ताटाशेजारी बसून. बाकीच्या बाया हसल्या. मी भाकरीचा घास तसाच हातात धरून बसले. त्यांना सांगावं की ही माझी आई, असं ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर त्या मला बघून अजूनच हसल्या असत्या.

आता माझं मत ऐक. तू हयातीत अर्धंच ऐकलंस. तबकडी उत्तम आहे. हीच तर किळस आहे. वाईट असती तर लोकांनी दोन दिवस वाजवून फेकून दिली असती. पण तुझ्या तोंडातला तो टण्ण! हातात काही नाही, नुसत्या टाळूनं काढलेला, आणि ऐकणाऱ्याला पितळ दिसतं. आईचा श्वास तू कुठं घेतोस, कुठं सोडतोस, तेसुद्धा बरोबर. तिला गाडीतनं उतरवतील या भीतीनं तिचा आवाज एका जागी चिरकतो, ते तू किती मायेनं केलंयस. आणि नेमकं तिथंच खालच्या माईकजवळ बसलेला कुणी एक मेला हॅ हॅ हॅ करून हसतो. त्या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही. पण त्याचं हसणं मला पाठ आहे. फळीवर तू असतास तर तसल्याकडं नुसतं बघितलं असतंस आणि तो गप्प झाला असता. तबकडीत त्याला गप्प करणारं कुणी नाही. तो रोज हसतो. तुझ्या तिरडीवरही तोच आधी हसला, बाकीचे त्याच्या मागनं.

फळीवरची नक्कल रात्रीत संपते, ज्याच्या दारात विडा ठेवला त्याच्या गावातच बहुतेक राहते. तबकडी कुणाकुणाच्या दारात विडा ठेवणार? तिला ना दार ठाऊक, ना माणूस.

आणि आईचं काय झालं ते तू बघायला आला नाहीस. ती बाजारात लोणी घेऊन बसायची. तिनं तोंड उघडलं की गिऱ्हाईक थबकायचं, अगं बया, ही तर तबकडीतली! पोरं डबडं वाजवायची आणि ओरडायची, अम्मा, घंटी बंद! आधी आईनं शिव्या घातल्या. तर शिव्यांनाही हसायला लागले, कारण शिव्यांतही तोच हेल. मग ती बोटांनी भाव सांगायला लागली. मग बाजारच सोडला. मी सुट्टीला मुरुमला गेले तर म्हटलं, आई, कशी आहेस? तिनं मान हलवली. घरात, दार लावून, माझ्यासमोरसुद्धा मान हलवली. शेजारणीनं सांगितलं, दिवाळीपासनं तिचा शब्द कुणी ऐकला न्हाय.

म्हणून मी तुला नळदुर्गला बोलावून घेतलं. हमरस्त्यावरच्या त्या धाब्यात आपण दुपारचे बसलो. बाहेर ट्रकांची ये-जा. तू नवा कोट घालून आला होतास, आणि धाबेवाल्यानं तुला ओळखून चहा स्वतः आणून ठेवला तेव्हा तुझा चेहरा असा खुलला की मला तो चहा तुझ्या कोटावर ओतावासा वाटला. मी आईचं सांगितलं. तू बशीत चहा ओतून फुंकत राहिलास. म्हणालास, "तबकडी केवढी असती, शांते? ती भरली. म्या काय करू?"

मी म्हटलं, मग आधीचं गाळायचं होतं.

"आधीचं गाळलं तर लोकांनी हसावं कशाला?"

मी म्हटलं, नाही हसले तर नाही हसले. तू म्हणालास, मी नकल्या आहे, कीर्तनकार नव्हे. त्या मशीनवाल्यांना साधं विचारलंस का, की बाबांनो, शेवट कुठं गेला? नाही विचारलंस. कारण गावोगाव तुझं नाव झालं होतं. तेव्हा मी ते बोलले. बोलले ते बोलले, आणि आजही मागं घेत नाही. "देवीनं तुला वाचा दिली, आणि तू आईची काढून घेतलीस."

तू बशी खाली ठेवलीस. मग उठलास, आणि तुला दुसरं काही सुचेना म्हणून माझीच नक्कल केलीस. मी रागानं नाकपुड्या कशा फुगवते, बोट कसं नाचवते, 'बोलले ते बोलले' कसं म्हणते. धाबेवाला हसला. जन्मात पहिल्यांदा तुझ्या नकलेला मी हसले नाही. मी म्हटलं, माझी नक्कल करायची असेल तर आधी माझ्या दारात विडा ठेव. तुझा चेहरा पडला. कोटाची बटणं लावत म्हणालास, "ठेवीन. आधी आईच्या दारात ठिवून येतो."

मला ते खरं वाटलं. मी वाट बघितली. आईला सांगितलं, दादा येतोय. तिनं अंगण सारवून घेतलं. तू आला नाहीस. ती दर बाजारच्या दिवशी सारवायची, कारण त्या दिवशी मोटारी जास्त असतात. मला तुझी इतकी चीड यायची की तुझ्या नावानं खडे फोडताना मला पुढचं-मागचं दिसत नसे.

मग कावीळ झाली, आणि पुढचं सगळं झटपट झालं, ते मी लिहीत नाही.

तुझ्या दहाव्याला वस्ताद आला. थकलाय फार. त्यानं दारात पायतण काढलं, आत आला नाही, आणि कमरेच्या फडक्यातनं विडा काढून उंबऱ्यावर ठेवला. तुझं नाव घेऊन म्हणाला, "लिंबानं सांगितलंय. आईच्या दारातला इडा ऱ्हायला म्हनला, तेवढा ठिवा." आई ओसरीत बसली होती. तिनं विड्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. मला बरं वाटलं. म्हटलं, बघा, राहिला की नाही तसाच. मुकाट पायतण घाला आणि माघारी जा.

पण वस्ताद गेला नाही, दाराबाहेरच टेकला, आणि त्यानं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. तू आला होतास. दोनदा. मुरुमच्या स्टँडावर उतरलास, खिशात विडा. आणि गणपाचा भोंगा चालूच. लोकांनी तुला घेरलं, नकलाकार आला, नकलाकार आला. म्हणाले, करा की ते, रस्ता वाजवतोय की. तू म्हणालास, मला घरी जायचंय. ते सोडेनात. तू केलीस. भर स्टँडात, घरापासून हाकेच्या अंतरावर, तू आईची नक्कल केलीस. शेवटही केलास म्हणे, तर ते म्हणाले, हे कशाला, ते घंटीचंच परत करा. मग तू आल्या मोटारीनं परत गेलास. दुसऱ्या खेपेलाही तेच. वस्ताद म्हणाला, तू त्याला सांगितलंस, "आवाज तिच्यापत्तूर गेला आसंल. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

हे ऐकून मला तुझी कीव यायला हवी होती. आली. पण तिच्यासोबत आणखी शिसारी आली. पाच पावलांवर घर, दादा! त्या चार टवाळांना लाथ घालून आला असतास तर आईनं तुला कुशीत घेतलं असतं. माणसाला टाळ्यांचं एवढं व्यसन लागतं की नको नको म्हणतानाही तो फळीवर चढतो? याचं उत्तर मला तुझ्याकडनंच पाहिजे होतं, वस्तादाकडनं नको होतं.

विडा उंबऱ्यावर तसाच राहिला. पानं वाळली. आई उचलेना, आणि मला कुणी टाकू देईना. तेरावं झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझी पिशवी भरत होते, नळदुर्गची मोटार धरायची होती. आई उठली, उंबऱ्यापाशी गेली, तो वाळका विडा उचलून तिनं मुठीत धरला. मग माझ्याकडं वळली आणि दुसरा हात गोल गोल फिरवला. मला कळेना. तिनं स्टँडाकडं बोट केलं आणि परत हात फिरवला, ग्रामोफोनला चावी देतात तसा.

मी म्हटलं, नाही. ती घाण या घरात येणार नाही. आईनं नुसतं बघितलं माझ्याकडं. गेले मी. गणपाला म्हटलं, तुझं मशीन दे. तो चपापला. तिरडीच्या दिवशी आपण काय केलं ते त्याला कुणी तरी नंतर समजावलं होतं, माझी नजर टाळत होता. त्यानं स्वतः मशीन उचलून घरी आणून ठेवलं, चावी दिली, आणि निघून गेला.

मी तबकडी लावली. आई मशीनपुढं तशीच बसली जशी तू तिला बसवतोस, गुडघ्यावर हात. आपलाच आवाज ती ऐकत राहिली. टण्ण झालं, मोटार थांबली. टण्ण टण्ण, मोटार निघाली. आवाज चिरकला, तो मेला हॅ हॅ हॅ करून हसला. आईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मी ऐकत होते ते वेगळ्याच आशेनं. तू जाऊन चौदा दिवस झाले होते आणि मला तुझा आवाज आठवेनासा झाला होता. म्हटलं, यात कुठं तरी सापडेल. एखादा शब्द, एखादा खोकला. नाही, दादा. आई आहे, कंडक्टर आहे, घंटा आहे, माणसं आहेत. तू कुठंच नाहीस. तुझा स्वतःचा आवाज एकाच जागी होता आणि तीच त्यांनी कापली. उभ्या मुलखाला तू तबकडीत ऐकू येतोस, आणि आपल्या घरात तुझा एक शब्द शिल्लक नाही.

कंडक्टरनं विचारलं, "अम्मा, ये इत्ता झंझट किसके वास्ते?" लोक हसले. हसू विरलं आणि सुई खरखरायला लागली. मी ती उचलायला हात पुढं केला, तर आईनं माझा हात धरला.

आणि आई बोलली. घसा बसलेला, शब्द जडावलेले, पण तोच हेल.

"माझ्या पोराला वाचा फुटली, बाबा. येडाईला ऐकवाया निघालेय."

मग ती मशीनकडं बघत बसली. तबकडी फिरत होती. दादा, आता बोलायची पाळी तुझी होती.